चार बोटांचं अंतर

खरं आणि खोटं यांच्यात चारच बोटांचं अंतर असतं, असं आपल्याकडे म्हणतात. डोळा आणि कान यांच्यामधलं अंतर. कानानं ऐकलेलं खोटं असू शकतं, डोळ्यानं पाहिलेलं खरं. कोर्टात, चावडीवर, घरातल्या भांडणात, सगळीकडे शेवटचं हत्यार हेच असतं, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!" ते बाहेर काढलं की समोरचा गप्प.

मला ही म्हण अर्धीच पटते. कानाबद्दल ती जे म्हणते ते बरोबर आहे. डोळ्याला मात्र तिनं उगाच न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवलंय. डोळा फार तर तलाठी आहे. शेतात काय उभं आहे याचा तो नजरअंदाजे अहवाल वर पाठवतो, आणि वरचा साहेब, म्हणजे मेंदू, तो अहवाल वाचून निर्णय देतो. अहवाल बहुतेक वेळा चांगला असतो, त्यावर राज्य चालतं. पण अहवाल म्हणजे शेत नव्हे.

दृष्टिभ्रमांबद्दल आपण बोलतो ते गंमत म्हणून. ढकलपत्रांतून अशी चित्रं वर्षानुवर्षं फिरतायत, ठिपक्याकडे तीस सेकंद बघा, मग भिंतीकडे बघा, आणि पाहा कोण दिसतं ते. आपण बघतो, "आयला!" म्हणतो आणि पुढे पाठवतो. माझं म्हणणं असं की ही गंमत नाही, किंवा नुसती गंमत नाही. त्या क्षणी डोळा आपल्याला त्याच्या कामाची पद्धत दाखवत असतो, आणि ती पद्धत माहीत नसल्यामुळे माणसं जिवाला मुकू शकतात. अतिशयोक्ती वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी थोडा हिशेब. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर, प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या. दंडपेशी सुमारे नऊ ते बारा कोटी. त्या अंधुक उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. शंकुपेशी सुमारे पंचेचाळीस ते साठ लाख. त्या भरपूर उजेडात काम करतात आणि रंग त्यांच्यामुळे कळतो. आणि या सगळ्यांचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या तारा किती? डोळ्यामागे साधारण दहा-बारा लाख. म्हणजे दहा कोटींच्या आसपास पेशींचं म्हणणं दहा-बारा लाख तारांतून जायचं. सगळं जसंच्या तसं पाठवणं शक्यच नाही. म्हणून डोळा एकच गोष्ट प्रामुख्यानं कळवतो, ती म्हणजे फरक. इथं शेजारच्यापेक्षा जास्त उजेड आहे, इथं कमी आहे, आत्ता इथं बदल झाला. जिथं काही बदलत नाही तिथलं फारसं कळवायचं नाही. (या पेशींची आणखी एक गंमत. त्या अंधारात सतत 'बोलत' असतात आणि उजेड पडला की त्यांचं बोलणं कमी होतं. मला हे पहिल्यांदा वाचल्यावर उलटं छापलंय असं वाटलं होतं.)

बहुतेक भ्रम या काटकसरीतून निघतात. उदाहरणं शोधायला लांब जायला नको, आपल्या गावात ढिगानं आहेत.

महाद्वार रोडवरच्या कुठल्याही साडीच्या दुकानात जा. अंजिरी साडीला अगदी तंतोतंत जुळणारा ब्लाऊजपीस काउंटरवर मिळतो. दुकानदार खूश, गिऱ्हाईक खूश. आणि मग बरोबरची मावशी दोन्ही कापडं उचलून थेट दुकानाच्या दारात जाते, उन्हात धरते आणि म्हणते, "नाही जुळत." दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो. यात मावशी बरोबर असते, आणि गंमत म्हणजे दुकानदारही खोटं बोलत नसतो. शंकुपेशी तीनच प्रकारच्या असतात, आणि त्यातली एकटी कुठलीही पेशी रंग सांगू शकत नाही. ती फक्त "माझ्यापर्यंत इतकं पोहोचलं" एवढंच सांगते. रंग ठरतो तो तिघींच्या आकड्यांची तुलना करून. आता दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडं दुकानाच्या दिव्याखाली योगायोगानं तेच तीन आकडे देऊ शकतात. त्या दिव्यापुरता त्यांचा रंग एकच. उन्हातला प्रकाश वेगळा, तिथं आकडे वेगळे पडतात आणि जोडी फुटते. मावशीनं शंकुपेशीचं नावही ऐकलेलं नसतं, पण एका दिव्याखालच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्या उजेडात ताडून बघायचं, हे तिला पक्कं माहीत असतं. विज्ञानाची पद्धत याहून फार वेगळी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे :)

तुम्ही आत्ता ज्या पडद्यावर हे वाचताय त्याचीही तीच तऱ्हा. पडद्यावर पिवळं सूर्यफूल दिसतं तेव्हा तिथं खरोखर पिवळा प्रकाश जवळजवळ नसतोच. लाल आणि हिरवे बारीक दिवे शेजारी-शेजारी पेटलेले असतात. तीन आकडे पिवळ्यासारखे आले की आपल्याला पिवळं दिसतं. हा भ्रम आपण दिवसभर बघतो आणि त्याला भ्रम म्हणतही नाही.

ऑपरेशन थिएटरमधले कपडे हिरवे किंवा निळसर का असतात, याचं एक कारणही तिथंच आहे. बराच वेळ लाल रंगाकडे बघत राहिलं की लाल टिपणाऱ्या पेशी आणि त्यांच्या मागच्या रांगेतल्या पेशी मंदावतात. मग पांढऱ्या कापडाकडे पाहिलं की तिथं हिरवट डाग तरंगतात. कापडच हिरवट असलं की ते डाग त्यात मुरून जातात.

यावरून लहानपणीचा एक खेळ आठवतो का बघा. लख्ख उन्हात आपल्याच सावलीकडे, तिच्या मानेपाशी, पापणी न हलवता बघत राहायचं, आणि मग एकदम वर निरभ्र आकाशाकडे बघायचं. आकाशात एक प्रचंड पांढुरका माणूस उभा असतो. छायापुरुष! आमच्यापैकी काही पोरं घाबरून पळायची. हा काही पोरखेळच नाही. शिवसंहितेसारख्या हठयोगाच्या ग्रंथात 'प्रतीकोपासना' म्हणून सावलीकडे बघून मग आकाशाकडे बघण्याचा हा विधी सांगितलेला आहे. डोळ्याच्या बाजूनं काय होतं ते असं. सावलीची जागा काळी, म्हणून तिथल्या पेशी ताज्यातवान्या राहिल्या. आजूबाजूची उन्हात थकली. आकाशाकडे पाहिल्यावर ताज्या पेशींनी जास्त जोरात कळवलं, म्हणून आकृती उजळ. आणि ती प्रचंड का? पडद्यावरचा डाग तेवढाच आहे, पण आकाश फार लांब आहे हे मेंदूला माहीत आहे, म्हणून तो म्हणतो की एवढ्या लांबून एवढा दिसतोय म्हणजे अवाढव्यच असणार. तलाठ्यानं डाग कळवला, साहेबानं त्याचा राक्षस केला.

ज्यांनी तो पाहिला ते खोटारडे नव्हते. अगदी डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होते. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. "दिसलं" म्हणणाऱ्याला लगेच लबाड ठरवणं चूक, आणि तो लबाड नाही म्हणून ते बाहेर होतंच असं मानणंही चूक. आपल्याकडचे निम्मे वाद या दोन चुकांच्या मध्येच अडकलेले असतात.

आता अंधाराकडे. भर दुपारी अंबाबाईच्या देवळात शिरलं की पहिल्यांदा काहीच दिसत नाही, मग हळूहळू खांब दिसू लागतात. शंकुपेशी पाच-दहा मिनिटांत जमेल तेवढ्या सावरतात, दंडपेशींना पूर्ण तयारीला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. किरणोत्सवाच्या दिवसांत, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस, मावळतीची किरणं गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात तेव्हा आतले दिवे मालवतात. तीच मावळती किरणं बाहेर रस्त्यावर पडलेली असतात, तिथं त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आत, अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना ती सोन्यासारखी दिसतात. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांना सूर्य कळत होता, आणि माझ्या मते माणसाचा डोळाही कळत होता.

रंकाळ्यावर संध्याकाळी बसून हे करून बघा. सूर्य बुडायच्या आधी लाल फूल पानांपेक्षा उठून दिसतं. अंधार पडत गेला की तेच फूल काळपट होतं आणि पानं त्याच्यापेक्षा उजळ वाटू लागतात. एकोणिसाव्या शतकात पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं हे नोंदवलं. कारण असं की काम शंकुपेशींकडून दंडपेशींकडे जातं, आणि दंडपेशींना लाल प्रकाश जवळपास जाणवतच नाही. आणखी रात्र झाली की पन्हाळ्याच्या बाजूला किंवा दाजीपुराकडे जाऊन कृत्तिकांचा पुंजका बघा. थेट बघाल तर कमी चांदण्या, किंचित बाजूला नजर ठेवाल तर जास्त. नजरेच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतातच. म्हणजे अंधारात, ज्या गोष्टीकडे आपण रोखून बघतो तीच नाहीशी होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कलानगरी म्हणून आपण मिरवतो, तीही याच भांडवलावर. आबालाल रहिमान यांनी रंकाळा रंगवला, कोटितीर्थ रंगवलं. कागदाचा पांढरा आणि रंगातला काळा यांच्यात फार तर वीस-तीस पटींचा फरक असतो. खऱ्या तळ्यावरच्या चमचमत्या पाण्यात आणि झाडाखालच्या सावलीत तो कितीतरी पटींनी जास्त. तरी कागदावरचं पाणी चमकतं, कारण डोळा उजेड मोजतच नाही, फरकाचं प्रमाण बघतो, आणि चित्रकार ते प्रमाण सांभाळतो. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी घेऊन १९१८च्या सुमारास कोल्हापुरात स्वतःचा सिनेकॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. पडद्यावर काय होतं? सेकंदाला सोळा-एक स्थिर चित्रं, आणि मधेमधे निव्वळ अंधार. दृष्टिपटलावरच्या पेशी संथ असतात, त्यांना तो अंधार वेगळा करता येत नाही. उरलेली हालचाल मेंदू जोडून देतो. तोच कीचकवध बघून लोक हादरले होते. डोळा जर बिनचूक यंत्र असता तर सिनेमा नावाची गोष्टच नसती, आणि आमच्या गावाचा अर्धा इतिहासही नसता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळंच या पेशींच्या माथी मारता येत नाही. उगवता चंद्र मोठा दिसतो तो डोळ्यामुळे नाही, फोटो काढून मोजला तर तो तेवढाच भरतो. राऊतवाडीचा धबधबा मिनिटभर बघून शेजारच्या कातळाकडे पाहिलं की कातळ वर सरकतो, तेही मुख्यतः मेंदूतल्या दिशा ओळखणाऱ्या पेशींचं काम. पांढऱ्या पट्ट्यांच्या जाळीत चौकाचौकात करडे ठिपके दिसतात, ती हर्मनची जाळी १८७० सालची. शेजारच्या पेशी एकमेकींना दाबतात म्हणून ते दिसतात, असं पाठ्यपुस्तकांत कित्येक वर्षं छापून येत होतं. २००४ मध्ये हंगेरीच्या गायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पट्ट्या जराशा नागमोडी केल्या की ठिपके गायब! जुनं स्पष्टीकरण तिथं पुरं पडत नाही. तलाठी आणि साहेब यांच्यात नेमकं कुणी काय केलं, याची चौकशी अजून चालू आहे.

आता शेवटचा प्रयोग, आणि मग मुद्द्यावर येतो. दोन्ही हात समोर ताठ करा, अंगठे शेजारी-शेजारी उभे धरा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्यानं डाव्या अंगठ्याकडेच बघत राहा आणि उजवा अंगठा सावकाश उजवीकडे सरकवा. वीतभर जायच्या आतच त्याचं टोक नाहीसं होतं. जिथून त्या सगळ्या तारा डोळ्याबाहेर पडतात तिथं प्रकाश टिपणारी एकही पेशी नाही. तो हा अंध बिंदू. पण नीट बघा, तिथं काळं भोक दिसत नाही. मागची भिंत दिसते. म्हणजे माहिती नाही तिथं मेंदू "माहिती नाही" असं लिहीत नाही. तो आजूबाजूचं बघून जागा भरून टाकतो आणि खाली सही करतो.

माझ्या मते सगळ्यात घातक भ्रम हाच. नसलेलं दिसणं नव्हे, तर न दिसलेलं 'रिकामं' म्हणून दिसणं.

आणि हा भ्रम आपल्या जिल्ह्यात दर हंगामात रस्त्यावर उभा असतो. मागच्या एका हंगामात मुरगूडकडून लग्न उरकून रात्री परत येत होतो. गाडी चालवणारे मामा जुने, सावध, न पिणारे. समोरून एक ट्रक पांढरेशुभ्र दिवे फेकत आला आणि गेला. त्यानंतर रस्ता मोकळा होता. मलाही तो मोकळाच दिसत होता, मी पुढच्याच सीटवर होतो. मग मामांनी एकदम ब्रेक मारला. पुढे उसानं भरलेली ट्रॉली उभी होती, टायर बसलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, फक्त रस्त्यावर चार दगड. आम्ही त्या दगडांच्या अलीकडे थांबलो. वर उसावर पोतं पांघरून एक बाई आणि दोन मुलं झोपलेली होती. ती जागीही झाली नाहीत.

मामा कितीतरी वेळ एकच म्हणत होते, "अरे, नव्हतंच तिथं काही." ते खोटं बोलत नव्हते. समोरचा झोत डोळ्यात विखुरतो आणि धुक्यासारखा पडदा धरतो. दिवे निघून गेल्यावर पेशींना सावरायला दोन-तीन सेकंद लागतात, वय वाढेल तसं जास्तच. ताशी साठच्या वेगानं तीन सेकंदांत गाडी पन्नास मीटर जाते. त्या पन्नास मीटरांत वाळल्या पाल्याच्या रंगाची, अंधाराशी फारसा फरक नसलेली ट्रॉली डोळ्याला कळवण्यासारखी वाटत नाही, कारण डोळा फरकच कळवतो. आणि ती जागा मेंदू रस्त्यानं भरून टाकतो.

अशा अपघातानंतर आपण काय करतो? "झोपला असेल, प्यायला असेल, डोळे फुटले होते काय?" कधी ते खरंही असेल. पण शुद्धीत असलेल्या, चांगल्या नजरेच्या माणसालाही न दिसण्याची आपण पूर्ण व्यवस्था करून ठेवतो, आणि मग त्याच्या डोळ्यांना शिव्या देतो, हे मला पटत नाही. डोळा बदलता येणार नाही. ट्रॉली बदलता येते.

हंगामाच्या सुरुवातीला काही कारखाने आणि पोलीस रिफ्लेक्टर लावतात, फोटो छापून येतात. चांगलंच आहे. पण महिन्याभरात त्यावर चिखल बसतो, पाला लोंबतो, पट्टी फाटते, आणि पुढचे तीन-चार महिने कुणी बघत नाही. माझी सूचना साधी आहे. कारखान्याच्या वजनकाट्यावरून प्रत्येक गाडी जातेच. ज्या गाडीच्या मागची पट्टी चमकत नाही तिचं वजनच करू नये. टॉर्च मारायला दोन सेकंद लागतात. यावर लोक म्हणतात, गरीब तोडणीवाल्याला आणखी त्रास कशाला? बीडकडून येऊन थंडीत उसावर झोपणारी ती बाई आणि तिची मुलंच त्या ट्रॉलीवर असतात हो. पट्टी तिच्यासाठीही आहे. खर्च तिच्यावर नको, कारखान्यानं करावा. एका खेपेच्या उसाच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

आणि गाडी चालवणाऱ्यांनी? समोरचा झोत येऊन गेला की रस्ता मोकळा दिसतो, तेव्हाच वेग कमी करायचा. दिसतंय म्हणून जायचं नाही, दिवे पोहोचतात तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढंच जायचं. स्वतःच्या डोळ्यावर अविश्वास दाखवण्यात कमीपणा नाही. मावशी दुकानाच्या दारात जाते तेव्हा ती तेच करते.

मंडळी, हे वाचणाऱ्या आमच्या नातेवाइकांपैकी निम्म्यांचा ऊस आहे आणि चौघांच्या तरी स्वतःच्या ट्रॉल्या आहेत. नावं घेत नाही. गळीत सुरू व्हायच्या आधी दोन्ही ट्रॉल्यांच्या मागे आणि बाजूंना चमकणाऱ्या पट्ट्या लावा, आणि रात्री पन्नास पावलं मागे जाऊन टॉर्चनं स्वतः बघा. दर आठवड्याला फडकं मारा. ज्यांना बाजारात जायला सवड नाही त्यांनी मला सांगा, मी पट्ट्यांचं भेंडोळं घेऊन ठेवलंय.